आगमुंगीचं वारूळ आणि आळवणीची परीक्षा

भुईमूग खुरपताना, शेणी थापताना, नाहीतर अंगणात धान्य पाखडताना लाल मुंगी डसली नाही अशी आपल्यात एकही नसेल. मग कुणी वारुळावर राख टाकते, कुणी हळद, कुणी रॉकेल ओतते. दुसऱ्या दिवशी वारूळ शांत दिसलं की आपण म्हणतो, "गेल्या बाई एकदाच्या!" पण त्या खरंच गेल्या का? आज आम्ही सांगणार आहोत ती हकीकत अमेरिकेतली आहे. तिथं एका मुंगीच्या मागं सरकारनं विमानं लावली, कोट्यवधी रुपये घातले, आणि हा साधा प्रश्न नीट विचारायचं काम मात्र बादली आणि काठी घेऊन वारुळाशी बसलेल्या माणसांनी केलं.

या मुंगीला इंग्रजीत फायर अँट म्हणतात. आपण आगमुंगी म्हणू. तिचं मूळ गाव दक्षिण अमेरिकेत, ब्राझील, पॅराग्वे आणि अर्जेंटिनाच्या भागात. १९३० च्या दशकात ती जहाजातल्या मालाबरोबर अलाबामा राज्यातल्या मोबील बंदरात उतरली असं मानतात. तिची काळी बहीण तर त्याआधीच, १९१८ च्या सुमाराला, त्याच बंदरात आली होती. १९४२ साली बंदराजवळच्या एका रिकाम्या जागेत तेरा वर्षांच्या एका मुलाला लाल आगमुंगीचं वारूळ सापडलं. मुंग्यांचा नाद लागलेला तो मुलगा म्हणजे पुढं जगभर नाव झालेले शास्त्रज्ञ एडवर्ड विल्सन.

आगमुंगी जबड्यानं कातडी धरते आणि मागच्या नांगीनं डसते, तेही एकाच जागी नाही, फिरून फिरून. दुसऱ्या दिवशी तिथं पांढरी पुळी येते. कुणाला त्याची ॲलर्जी असली तर जीवावरही बेततं. मोठ्या वारुळात दोन लाखांहून जास्त कामकरी मुंग्या असू शकतात. वर दिसतो तो मातीचा उंचवटा, पण खालची घरं बरीच खोल गेलेली असतात. राणी असते आत. ती एका दिवसात हजारावर अंडी घालू शकते. म्हणजे वरच्या हजारो मुंग्या मेल्या आणि राणी वाचली, तर मेलेल्यांची जागा भरायला वेळ लागत नाही. ही एवढी गोष्ट ध्यानात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

१९५७ साली अमेरिकेच्या शेती खात्यानं ठरवलं की ही मुंगी देशातून मुळापासून उपटायची. दक्षिणेतल्या नऊ राज्यांतली दोन कोटी एकर जमीन हिशेबात धरली. डिलड्रिन आणि हेप्टाक्लोर ही जहाल औषधं, एकरी दोन पौंड म्हणजे जवळजवळ एक किलो, दाण्यांच्या रूपात विमानातून टाकायला सुरुवात झाली. वारूळ कुठं आहे, घर कुठं, विहीर कुठं, काही बघणं नाही. वरून सगळीकडे सारखंच. पक्षी मेले, ससे मेले, मासे मेले, कोंबड्या आणि पाळीव जनावरंही मेली. हेप्टाक्लोर खाल्लेल्या गवतातून गाईच्या दुधात उतरत होतं, म्हणून दुभती गुरं काही काळ त्या कुरणात नेऊ नका अशी सूचना निघाली. ज्या घरी एकच गाय आणि एकच कुरण, त्या घरच्या बाईनं गाय कुठं न्यायची, हे सूचना काढणाऱ्याला सुचलेलं दिसत नाही.

१९५९ साली टेक्सासमध्ये शेतकऱ्यांना औषध फुकट देऊ केलं. अट एकच, नुकसान झालं तर सरकार जबाबदार नाही असं लिहून द्यायचं. फुकटच्या वस्तूमागं कागद असतो हे आपल्यालाही ठाऊक आहे! त्याच वर्षी अलाबामा राज्यानं या कामाला आणखी पैसे द्यायला साफ नकार दिला.

हे सगळं जगापुढं मांडलं ते एका बाईनं. रेचेल कार्सन यांनी. त्यांचं 'सायलेंट स्प्रिंग' हे पुस्तक १९६२ साली आलं आणि त्यात आगमुंगीच्या फवारणीचा सगळा हिशेब आहे. त्यातली एक बाब आम्हाला फार महत्त्वाची वाटते. विमानाचा खर्च एकरी साडेतीन डॉलर येत होता. मिसिसिपी राज्यातल्या शेती संशोधन केंद्रानं मात्र एक साधं यंत्र केलं होतं. ते वारूळ आधी सपाट करायचं आणि औषध फक्त तिथंच टाकायचं. खर्च एकरी तेवीस सेंट, म्हणजे विमानाच्या पंधराव्या हिश्श्याएवढा, आणि शंभरातल्या नव्वद ते पंचाण्णव मुंग्यांचा बंदोबस्त. स्वस्त आणि नेमका उपाय हाताशी होता. तरी विमानं उडतच राहिली.

पुढं औषध बदललं. मायरेक्स नावाचं विष सोयाबीनच्या तेलात घालून मक्याच्या कणसाच्या भुशावर चढवलं आणि ते आमिष म्हणून विमानातून टाकलं. मुंगी ते घरी नेऊन राणीला भरवणार, हा विचार चांगला होता. पण तेही मातीत, पाण्यात टिकून राहिलं आणि माणसांच्या शरीरातल्या चरबीतही सापडलं. १९७७ च्या अखेरीला त्याचा परवाना संपला. आणि मुंगी? ती पसरतच गेली. औषधानं तिथल्या मूळच्या मुंग्याही मारल्या होत्या, आणि रिकाम्या झालेल्या रानात सगळ्यात आधी परत आली ती आगमुंगीच.

आता बादलीकडे येऊ. औषध पाण्यात कालवून मुळाशी ओतायचं याला आपण आळवणी म्हणतो. डाळिंबाला, मिरचीला, टोमॅटोला आपण करतोच. तिकडे लोक घरोघरी वारुळाला आळवणी करत होते. क्लोर्डेन नावाचं औषध त्यासाठी चालायचं. १९७५ साली त्याच्या बहुतेक वापरावर बंदी आली, तेव्हा त्याच्या जागी काय चालेल याच्या चाचण्या जोरात सुरू झाल्या. या चाचण्या कशा करतात ते बघा, कारण त्यात कुठलीही महागडी वस्तू लागत नाही.

एका रानात जिवंत, साधारण सारख्या आकाराची वारुळं निवडायची. प्रत्येकापाशी नंबर घातलेली काडी रोवायची. कुठल्या वारुळाला काय द्यायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, नाहीतर आपल्या आवडीचं औषध आपण नकळत लहान वारुळाला देतो. काही वारुळांना औषधाचं पाणी. काहींना तेवढंच साधं पाणी. आणि काहींना काहीच नाही, हात लावायचा नाही.

साधं पाणी कशाला, असं कुणी विचारेल. आगमुंगी पुराच्या प्रदेशातली आहे. पूर आला की मुंग्या एकमेकींना धरून तराफा करतात आणि राणीला, पिलांना घेऊन पाण्यावर तरंगत जातात. तिला गार पाण्यानं मारणं अवघड, पण पाणी ओतलं की ती उठून दुसरीकडे बिऱ्हाड करते. जुनं वारूळ ओस पडतं. आपण म्हणतो औषध लागू पडलं! प्रत्यक्षात दहा पावलांवर नवं वारूळ उभं राहत असतं. साध्या पाण्याची वारुळंही तशीच ओस पडली, तर श्रेय औषधाचं नाही. आणि हात न लावलेली वारुळं लागतात ती अशासाठी की कडक उन्हाळ्यात मुंग्या आपोआपच खोल जातात, वर कुणी दिसत नाही. तेव्हा काही न करताच वारूळ "मेलेलं" वाटतं.

मग काही दिवसांनी आणि पुन्हा काही आठवड्यांनी लांब काठीनं वारूळ हळूच उकरून बघायचं. मुंग्या धावून वर येतात का? पांढऱ्या अळ्या, कोश दिसतात का? अळ्या दिसल्या तर राणी जिवंत असण्याची शक्यता मोठी. आणि भोवतालची जमीन फिरून बघायची, नवी माती वर आली आहे का. या फिरण्याचा कंटाळा केला की चाचणी वाया.

यातून कामाच्या गोष्टी कळल्या. औषध जहाल असून भागत नाही, पाणी खालच्या घरापर्यंत पोचावं लागतं. वारुळाच्या आकाराप्रमाणं चार ते आठ लिटर पाणी लागतं, तांब्याभर ओतून काही होत नाही. ओतण्याआधी वारूळ डिवचायचं नाही, नाहीतर मुंग्या राणीला घेऊन खाली जातात. हवा थंड असताना, सकाळचं ऊन वारुळावर आलं की राणी आणि पिल्लं वरच्या थरात येतात, ती वेळ चांगली. काही वारुळांत एक नाही, अनेक राण्या असतात. तिथं काम अवघड.

१९८० साली फ्लोरिडातल्या वॉल्टर शिंकेल यांनी एका सहकाऱ्याबरोबर घरगुती उपायाची चाचणी छापली. औषध नाही, नुसतं कढत पाणी. एका वारुळाला सुमारे अकरा लिटर. शंभरातली साठेक वारुळं मेली, बाकीची वाचली. आम्हाला ही चाचणी फार आवडते. रामबाण उपाय म्हणून कुणी डंका पिटला नाही. साठ म्हणजे साठ. पुन्हा ओतायची तयारी असेल तर विषाशिवाय काम होतं, पण हात भाजू शकतो आणि भोवतालचं गवत, झाडाची मुळंही जळतात.

घरगुती म्हणून सगळंच खरं नसतं. तिकडे एक समजूत आहे की मक्याची कोरडी भरड टाकावी, मुंगी ती खाते, पोटात फुगते आणि फुटते. मोठी मुंगी घन पदार्थ गिळूच शकत नाही. ती भरड मोठ्या अळ्यांना भरवते आणि त्यांनी पचवलेला रस पिते. म्हणजे आपण घरची भरड घालून त्यांची पिल्लं पोसायची!

औषधांची गंमत पुढंही चालूच राहिली. क्लोर्डेनच्या जागी आलेलं क्लोरपायरीफॉस अमेरिकेत घरगुती वापरातून २००१ च्या सुमाराला काढलं, डायझिनॉन २००४ मध्ये. क्लोरपायरीफॉस हे नाव आपल्याकडे वाळवीसाठी, हुमणीसाठी कुणालाही पाठ असेल. आणि आपल्या आयांनी मुंग्यांसाठी हातानं टाकलेली ती पांढरी बीएचसी पावडर, तिच्यावर भारतात १९९७ साली बंदी आली. आगमुंगीची एक वेगळी जात आपल्या देशातही आहे. ती मूळची मध्य अमेरिकेच्या बाजूची, जुन्या व्यापारी जहाजांतून जगभर पसरलेली. ती बी-बियाणंही गोळा करून नेते, त्यामुळं पेरणी झालेल्या रानात तिचा त्रास.

तर या हंगामात तुमच्या गटानं असं करून बघा. बांधावरची, झाडापासून आणि विहिरीपासून लांबची सात वारुळं निवडा, काड्या रोवा, चिठ्ठ्या टाका. तीन वारुळांना कढत पाणी, दोनांना तेवढंच गार पाणी, दोन तशीच. रॉकेल आणि पेट्रोल नको, ते जमिनीत मुरून विहिरीत उतरतं आणि पेट घेतं ते वेगळंच. कढत पाण्याची कळशी दोघींनी मिळून न्या, लेकरं लांब ठेवा, पायात बूट घाला. आठव्या दिवशी आणि एकविसाव्या दिवशी काठीनं उकरून बघा आणि चारी बाजूंना दहा-दहा पावलं फिरून नवी माती शोधा. जे दिसेल ते गटाच्या वहीत लिहा. वाचलेली वारुळंही लिहा, लपवू नका. वही केंद्रावर आणून द्या, पुढच्या महिन्यात गावाच्या नावासकट आकडे वाचून दाखवू.