‘हरिजन’ या शब्दाचा वृत्तपत्रीय व्यवहार आणि नाशिकचा प्रतिवाद

समाजातील एखाद्या वर्गास कोणत्या नावाने संबोधावे, हा प्रश्न वरकरणी भाषेचा वाटला तरी त्याचे मूळ अधिकारात असते. ज्यांना नाव द्यावयाचे त्यांची संमती घेतली गेली होती काय, हे त्याचे मर्म होय. १९३३ नंतर वृत्तपत्रांत रूढ झालेला ‘हरिजन’ हा शब्द ह्या दृष्टीने अभ्यसनीय आहे. त्याला झालेल्या विरोधाचा एक महत्त्वाचा धागा नाशिक जिल्ह्याकडे जातो.

२ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरापाशी सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा त्यात उतरलेल्यांसाठी मराठी लेखनात ‘अस्पृश्य’ व ‘बहिष्कृत’ हे शब्द वापरात होते. डॉ. आंबेडकरांनी १९२७ मध्ये काढलेल्या पत्राचे नावच ‘बहिष्कृत भारत’ असे होते. हे दोन्ही शब्द कठोर खरे. परंतु कोणीतरी स्पर्श नाकारला, कोणीतरी बहिष्कार घातला, ही गोष्ट ते लपवीत नाहीत. त्या शब्दांत अन्यायाचा कर्ता अध्याहृत आहे.

‘हरिजन’ शब्दाचे स्वरूप निराळे. संतवाङ्मयात त्याचा अर्थ हरिभक्त असा होता. जातीशी त्याचा संबंध नव्हता. महात्मा गांधींनी पुणे कराराच्या सुमारास त्याला नवा अर्थ दिला आणि ११ फेब्रुवारी १९३३ रोजी पुण्याहून त्याच नावाचे इंग्रजी साप्ताहिक निघाले. त्यासाठी संदेश मागितला असता आंबेडकरांनी संदेशाऐवजी निवेदन पाठविले. जातिव्यवस्था आहे तोवर बहिष्कृत राहणारच, असा त्याचा आशय होता. नव्या नावामागील हेतू अवमान टाळण्याचा होता, हे मान्य केले पाहिजे. तथापि त्या नावात मनुष्याचे नाते देवाशी जोडले गेले आणि अन्याय करणारा दृष्टीआड झाला. शब्दाभोवती जमलेले समासही हेच सांगतात. ‘हरिजनसेवा’, ‘हरिजनोद्धार’, ‘हरिजन फंड’ ह्या सर्वांत कर्ता दुसराच आहे. उलट ‘सत्याग्रह’ आणि ‘हक्क’ ह्या शब्दांचा कर्ता काळारामाच्या दारी उभा असलेला मनुष्य स्वतःच होता.

हा भेद सर्वांत स्पष्टपणे मांडला तो काळाराम सत्याग्रहाचे एक प्रमुख संघटक भाऊराव ऊर्फ दादासाहेब गायकवाड यांनी. जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत लोकल बोर्ड कायद्याच्या दुरुस्तीच्या निमित्ताने ‘हरिजन’ ही संज्ञा कायद्यात घालण्याचा प्रस्ताव आला. अस्पृश्य जर देवाची माणसे, तर स्पृश्य काय राक्षसांची समजावयाची, असा त्यांच्या प्रश्नाचा आशय होता. विरोध मानला गेला नाही, तेव्हा स्वतंत्र मजूर पक्षाच्या सभासदांनी सभात्याग केला.

शब्द मात्र टिकला. १९४७ च्या मुंबई इलाख्यातील मंदिरप्रवेशाच्या कायद्याच्या नावातही तो आला. भारतीय संविधानाने वेगळी वाट धरली. अनुच्छेद १७ ने माणसांना नाव न देता ‘अस्पृश्यता’ ह्या आचाराला नाव दिले आणि तो नष्ट केला. १९५५ चा अस्पृश्यता (अपराध) अधिनियम त्याच वाटेने गेला.

चळवळीच्या पत्रांची नावे ह्या संदर्भात बोलकी आहेत. ‘मूकनायक’ (१९२०), ‘बहिष्कृत भारत’ (१९२७), ‘जनता’ (१९३०) आणि ‘प्रबुद्ध भारत’ (१९५६) ह्या क्रमात मौन व बहिष्कार यांपासून प्रबोधनापर्यंतचा प्रवास दिसतो. त्यात ‘हरिजन’ कोठेही नाही. १९५७ मध्ये गायकवाड नाशिकमधून लोकसभेवर निवडून आले. पुढे १९५९ व १९६४ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली जमिनीसाठी झालेल्या सत्याग्रहांत ‘भूमिहीन’ हा शब्द पुढे आला. नावाचा आधार देव किंवा जात राहिला नाही. मागणी हाच तो झाला.

म्हणून त्या काळातील वृत्तपत्रे साधन म्हणून वापरणाऱ्याने ‘हरिजन’ हा शब्द केवळ वर्गवाचक समजून पुढे जाणे योग्य नव्हे. वाक्याचा कर्ता कोण, हे प्रत्येक ठिकाणी पाहावे लागते. पुष्कळदा बातमीत जे सांगितलेले नसते, ते त्या व्याकरणात सापडते.