मेंढपाळाची साक्ष

शास्त्राचा इतिहास सांगताना आपण शास्त्रज्ञांची नावे घेतो, आणि ते योग्यच आहे. पण आम्ही आयुष्य कामगारांत काढले. त्यामुळे कोणत्याही शोधाची हकीकत वाचताना एक प्रश्न आमच्या मनात हटकून येतो: हे आधी कोणाच्या ध्यानात आले होते?

स्कॉटलंडच्या डोंगराळ कुरणांत मेंढ्यांना एक रोग होतो. ताप चढतो, अंग थरथरते, मेंढी चालता चालता उड्या मारते आणि पुष्कळदा मरते. तिकडच्या बोलीत ‘लाउप’ म्हणजे उडी. म्हणून या रोगाला ‘लाउपिंग इल’ म्हणतात. मेंढपाळांचा संशय गोचिडांवर होता. वसंतात गोचीड उठले की रोगही उठतो, हे ते दरसाल पाहत. परंतु सरकारी समितीने १९०६ च्या अहवालात आतड्यांतल्या जंतूवर ठपका ठेवला.

पुढे १९२० मध्ये तेथील शेतकऱ्यांनी एकजूट करून जनावरांच्या रोगांच्या संशोधनासाठी स्वतःची संस्था काढली. एडिंबरोजवळच्या तिच्या मोरडन प्रयोगशाळेत कोडे सुटले. पूल, ब्राउनली आणि विल्सन यांनी रोगी मेंढीच्या मेंदूचा अंश टोचून निरोगी मेंढीत रोग उत्पन्न केल्याचे १९३० मध्ये प्रसिद्ध केले. १९३१ मध्ये ठरले की, जंतू अडवणाऱ्या गाळणीतूनही पार जाणारा हा विषाणू आहे. १९३२ मध्ये मॅक्लाउड आणि गॉर्डन यांनी गोचीडच तो पसरवतो हे प्रयोगाने दाखवले. मेंढपाळाची साक्ष खरी ठरली.

मग गॉर्डन यांनी लस केली. रोगी मेंढ्यांचा मेंदू वगैरे घेऊन त्यातला विषाणू फॉर्मॅलिनने मारायचा, अशी तिची कृती. पण १९३५ च्या एका खेपेत ‘स्क्रॅपी’ या निराळ्याच रोगाचे बीज शिरले. ते फॉर्मॅलिनला दाद देईना. दोनएक वर्षांनी टोचलेल्या मेंढ्यांत तो रोग उमटला. गॉर्डन यांनी हे झाकले नाही; १९४६ मध्ये पशुवैद्यांपुढे सारे मांडले. स्क्रॅपी संसर्गाने होतो आणि वर्षानुवर्षे दबा धरून राहतो, याला त्यातून मोठी पुष्टी मिळाली.

रोग मेंढ्यांपुरता राहिला नाही. विषाणू हाताळणाऱ्या प्रयोगशाळेतल्या माणसांनाही तो झाल्याचे १९३४ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे मेंढपाळ आणि खाटीकखान्यातले कामगारही त्याला बळी पडल्याचे दिसले.

याच कुळातला विषाणू आपल्याही वाट्याला आला. १९५७ मध्ये म्हैसूर राज्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मेली, माणसे तापाने आजारी पडली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने तपास केला; तेथेही वाहक गोचीडच निघाला. २०१५-१६ मध्ये हा ताप गोव्यात आणि सिंधुदुर्गात दिसला. तो मुख्यतः जंगलात आणि काजूच्या बागांत राबणाऱ्यांना गाठतो.

म्हणून आमचे एवढेच सांगणे आहे: रोगाचा तपास करणाऱ्याने सूक्ष्मदर्शक जरूर उघडावा, पण त्याआधी रानात राबणाऱ्या माणसाजवळ बसून त्याचे म्हणणे टिपून घ्यावे.