पावसाळ्याची फुरसत आणि उसनी पुस्तके

वाचकहो, चिकलठाणा या नावाची व्युत्पत्ती कोणी काहीही सांगो, आषाढ-श्रावणात तेथील काळ्या मातीतून ज्याने वहाणा हातात घेऊन वाट काढली आहे त्याला ती विचारावीशी वाटत नाही. आज त्या जालना रस्त्यावर औद्योगिक वसाहत आहे, विमानतळ आहे आणि गाव महानगरपालिकेच्या हद्दीत आले आहे. तरी पावसाने वाट अडवली की माणूस घरात बसतो आणि घरात बसला की त्याला गोष्ट हवी असते, हे मात्र बदललेले नाही. आपल्याकडील खेड्यांतून याच दिवसांत देवळात 'हरिविजय' किंवा 'पांडवप्रताप' लागे. पोथी एक, वाचणारा एक, अर्थ सांगणारा एक आणि ऐकणारे सारे गाव. मोहल्ल्यातही एखादा लिहिता-वाचता मनुष्य कंदिलाशी बसून किस्से मोठ्याने वाची आणि बाकीचे ऐकत. पुस्तक विकत घेऊन एकट्याने, मनातल्या मनात वाचावे, ही चाल त्या मानाने अलीकडची.

दख्खनच्या इतिहासातही पावसाळ्याला मान होता. नद्या भरल्या की फौजा छावणीत बसत आणि मराठ्यांची घोडी दसऱ्याचे सीमोल्लंघन झाल्यावरच बाहेर पडत. तलवारीला सुट्टी मिळाली की कलमाला काम मिळते. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, अशा फुरसतीतून एक मोठा ग्रंथ निपजला. ती फुरसत मात्र चार महिन्यांची नव्हती, चांगली पाच वर्षांची होती आणि सक्तीची होती.

1741 साली नासिरजंगाने आपल्या पित्याविरुद्ध, निजामुल्मुल्काविरुद्ध, बंड केले. ते फसले. नासिरजंगाच्या बाजूचा एक सरदार शाहनवाजखान यामुळे मर्जीतून उतरला आणि घरी बसला. दुसरा कोणी असता तर हात चोळीत बसला असता. याने मोगल दरबारातील उमरावांची चरित्रे लिहावयास घेतली. तोच 'मआसिर-उल-उमरा' हा फारसी ग्रंथ. त्यात तुर्क आहेत, इराणी आहेत, राजपूत आहेत आणि चिकलठाण्यावरून जालन्याकडे जाणारी वाट पुढे ज्या सिंदखेडास पोचते तेथील जाधवरावही आहेत. पुढे खानाचे दिवस पालटले, तो दिवाण झाला, थोर कारभारी झाला आणि ग्रंथ अपुराच राहिला. अधिकाराची खुर्ची मिळाली की लेखन मागे पडते, हा अनुभव आपल्या ओळखीच्या काही मंडळींनाही असेल!

मे 1758 मध्ये, रमजानच्या महिन्यात, दरबारी कटकटीत शाहनवाजखान मारला गेला. त्या धामधुमीत त्याचे घर लुटले गेले आणि हस्तलिखिताची पाने दिसेनाशी झाली. लुटीत चांदीची भांडी कोणीही ओळखतो, पण लिहिलेल्या कागदांचे मोल कोणाला? पुडी बांधण्यापलीकडे त्याचा उपयोग लुटारूला नसतो.

येथे त्याचा मित्र पुढे येतो. मीर गुलाम अली 'आझाद' हे मूळचे अवधातील बिलग्रामचे. हजहून परतल्यावर ते औरंगाबादेस आले आणि पाणचक्कीच्या तकियात, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याशी, सात वर्षे राहिले. अरबी-फारसीचे हे गाढे पंडित. मनात आणते तर मित्राच्या मृत्यूवर एक शोककाव्य रचून मोकळे झाले असते. त्यांनी तसे न करता शहरात पानांचा शोध चालवला. वर्षभराच्या खटपटीनंतर बराचसा मजकूर हाती लागला. तो त्यांनी जुळवला, गळाले होते ते शक्य तेथे स्वतः भरले आणि मित्राचे चरित्र लिहून ग्रंथाला जोडले. नंतर खानाचा मुलगा अब्दुल हय्य याने भर घालून 1780 मध्ये तो पुरा केला. पुढे कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने तो छापला. आज मोगल काळावर लिहिणारा कोणीही अभ्यासक त्या ग्रंथावाचून पुढे जात नाही.

आझादांचा एक शिष्य लछमीनारायण 'शफीक', औरंगाबादेतलाच खत्री. त्याने उर्दू कवींचा 'चमनिस्तान-ए-शुअरा' हा तजकिरा लिहिला आणि पुढे मराठ्यांचा इतिहासही फारसीत लिहिला. गुरू बिलग्रामचा सय्यद, शिष्य हिंदू, विषय मराठे. या शहराला त्याचे फारसे नवल वाटले नसावे. याच काळातील सिराज औरंगाबादी आपल्या कवितेविषयी इतके बेफिकीर, की त्यांचा दिवाण त्यांच्या गुरुबंधूला, अब्दुल रसूलखानाला, एकत्र करावा लागला. स्वतः सिराजांनी मात्र इतर फारसी कवींच्या काव्यातून वेचे काढून निवडक संग्रह तयार केला होता! दुसऱ्याचे जपावे आणि आपले मित्राने जपावे, असाच जणू त्या मंडळींचा व्यवहार होता.

पाणचक्कीच्या ग्रंथालयात एक लाख ग्रंथ होते असे सांगतात. आकड्याचा आग्रह धरण्याचे कारण नाही. संग्रह मोठा होता आणि त्यातील पुष्कळसा पुढे हैदराबादेस गेला. आज तेथे पाहुणे पाण्याचा लोट पाहतात, फोटो काढतात आणि परततात. या पाण्यावर जाते फिरे, त्या पिठाच्या भाकरी मुसाफिरांना मिळत आणि भाकरीनंतर वाचावयास ग्रंथही मिळत, हे त्यांना कोणी सांगितले तर त्यांची भेट अधिक रंगेल.

विसाव्या शतकात हे काम मौलवी अब्दुल हक यांनी उचलले. शिक्षण खात्याच्या नोकरीत ते औरंगाबादेस होते, 1912 पासून अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे चिटणीस होते आणि पाव शतक त्या संस्थेचा कारभार येथूनच चालला. 'उर्दू' हे त्रैमासिक 1921 साली येथून निघाले. जुन्या घरांतून पडलेली हस्तलिखिते मिळवून ती छापावी, हा त्यांचा ध्यासच होता. शफीकचा तो तजकिरा 1928 मध्ये त्यांनीच संपादून प्रसिद्ध केला. म्हणजे आझादांनी मित्राची पाने वेचली आणि दीडशेहून अधिक वर्षांनी आझादांच्या शिष्याची पाने एका शिक्षकाने वेचली.

मराठी वाचकाचा हंगाम थोडा पुढे, दिवाळीला. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून थंडीत पांघरुणात शिरून अंक वाचणे ही आपल्याकडची चैन झाली. फराळाच्या ताटाबरोबर अंकही या घरून त्या घरी जातात आणि परत येतात तेव्हा त्यांवर चकलीच्या तेलाचा डाग हटकून असतो. डागाचे सोडा, अंक परत आला हेच पुष्कळ.

वाचकहो, आपल्या घरी आजोबांची पत्र्याची पेटी असेल तर या सुट्टीत ती उघडा. वाळवी आणि कसर कोणासाठी थांबत नाहीत. फारसी-उर्दू लिपीतली पाने वाचता येत नाहीत म्हणून रद्दीवाल्याकडे देऊ नका, मोडी कागदही तसेच. वाचणारी माणसे विद्यापीठात आहेत, जुन्या मोहल्ल्यांतही आहेत. आणि खालच्या थरात एखादे छापील पुस्तक निघाले तर त्याचे पहिले पान पाहा. त्यावर बहुधा शाईने लिहिलेले एक नाव असते. ते आपल्या घरातले नसेल तर त्या माणसाच्या नातवंडांचा पत्ता काढा. दिवाळीनंतर चिकलठाण्याचा रस्ता कोरडाच असतो.