कुमारप्पा, जे. सी. : ख्रिस्ती नीती व निसर्गविज्ञान

कुमारप्पा, जोसेफ चेल्लादुराई कॉर्नेलिअस (४ जानेवारी १८९२ – ३० जानेवारी १९६०) : गांधीवादी अर्थतज्ज्ञ. ख्रिस्ती नीतीला निसर्गनिरीक्षणाचा पाया देणारे. जन्म तंजावरचा, कर्मभूमी वर्धा. लंडनमध्ये हिशेबतपासनिसाचे, पुढे सिरॅक्यूज व कोलंबिया विद्यापीठांत अर्थशास्त्राचे शिक्षण. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे चिटणीस. संघाचे ठाणे वर्ध्याच्या मगनवाडीत होते.

विचार : ‘प्रॅक्टिस अँड प्रिसेप्ट्स ऑफ जीझस’ आणि ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ (दोन्ही १९४५) ही पुस्तके त्यांनी जबलपूरच्या तुरुंगात लिहिली. दुसऱ्यात जीवसृष्टीतील पाच व्यवहार पायरीपायरीने मांडले आहेत. शिकार करणारा वाघ सर्वांत खाली. त्यावर आयती बाग ओरबाडणारे माकड. मधमाशी मध नेते, पण जाता जाता फुलांचे परागीभवन करते, म्हणून ती वरच्या पायरीवर. तीच पोळ्यासाठी राबते, तेव्हा आणखी वर. पिलांसाठी चारा आणणारी पक्षीण सर्वांत वर. तिला परतफेडीची अपेक्षा नाही. वाघावर हा थोडा अन्यायच, कारण परिसंस्थेतील त्याचे काम येथे जमेस धरलेले नाही. मात्र कुमारप्पांना प्राणिशास्त्र लिहायचे नव्हते. येशूच्या सेवाधर्माची खूण त्यांना सृष्टीतच दाखवायची होती.

कोळसा व पेट्रोलियम हे मर्यादित साठे. त्यांवर उभे अर्थकारण भांडणांकडे व युद्धाकडे जाते. पुन्हा वाढणाऱ्या लाकडासारख्या साधनांवरचे अर्थकारण शांततेला पोषक, असे ते मानत.

प्रयोग : मगनवाडीत घाणी, हातकागद, ताडगूळ यांवर काम चाले. रॉकेलऐवजी गावच्या तेलावर जळणारा ‘मगनदीप’ तेथलाच. असे तेल रॉकेलपेक्षा दाट, वातीतून सावकाश चढते. नेहमीचा कंदील त्याला चालत नाही. तांदळाबाबत संघाचा आग्रह हातसडीचा होता. गिरणीत पॉलिश करताना कोंडा निघतो व त्यासोबत ब-१ जीवनसत्त्वही जाते. त्याच्या अभावी बेरीबेरी होतो. कुमारप्पांच्या लेखी हा आहारशास्त्राइतकाच नीतीचाही प्रश्न होता : गावचा रोजगार जातो आणि खाणारा दुबळा होतो.

चर्चशी संबंध : सविनय कायदेभंगाच्या प्रश्नावर कलकत्त्याचे बिशप फॉस वेस्टकॉट यांच्याशी मतभेद.

कुटुंब : बंधू भारतन् हेही संघाच्या कामात.

उत्तरायुष्य : वर्ध्याजवळ सेलडोह येथे पन्नई आश्रम, नंतर तमिळनाडूत कल्लुपट्टी. अर्थतज्ज्ञ शूमाखर यांनी बौद्ध अर्थशास्त्रावरील लेखात त्यांचा आधार घेतला. गांधीजींनी १९३८ मध्ये उद्‌घाटन केलेले मगन संग्रहालय वर्ध्यात आजही आहे.