माळावरच्या सरड्यांची वंशावळ

धाराशिव जिल्ह्याचा मोठा भाग बालाघाटाच्या पठारावर येतो. खाली काळा कातळ, वर मुरूम आणि कुसळी गवत, मध्येच येडशी-रामलिंगसारखा पानझडी जंगलाचा पट्टा, आणि पावसाळ्यापुरती ओल. अशा कोरड्या मुलखात सरपटणाऱ्या आणि उभयचर प्राण्यांचे वेगळे असे काही नसणार, ही समजूत अभ्यासकांमध्येही दीर्घकाळ टिकून होती. ती मोडायला दीडशे वर्षांहून अधिक काळ लागला.

या कातळाचा आणि बेडकांचा संबंध जुना आहे. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचत गेला. दोन उद्रेकांमधल्या शांत काळात खोलगट जागी तळी तयार होत आणि तिथला गाळ पुढच्या लाव्ह्याखाली गाडला जाई. मुंबईत अशा गाळाच्या थरांत लहानशा बेडकांचे सांगाडे मिळाले. रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांना ‘राना पुसिला’ म्हटले. १९३० मध्ये जी. के. नोबल यांनी त्यांच्यासाठी ‘इंडोबॅट्राकस’ ही स्वतंत्र प्रजाती केली. मुंबईच्याच थरांतील गोड्या पाण्यातल्या कासवाचे वर्णन एच. जे. कार्टर यांनी १८५२ मध्ये केले. ज्वालामुखीच्या त्या प्रलयातही इथे कणा असलेले जीव तग धरून होते, याचा हा थेट पुरावा होय.

जिवंत प्राण्यांची नोंद सुरू झाली ती लष्करी डॉक्टरांच्या हातून. टी. सी. जर्डन त्यांपैकी एक. ते काही काळ जालन्याच्या छावणीत होते. द्वीपकल्पातील सरपटणाऱ्या प्राण्यांची त्यांची यादी १८५३ मध्ये छापली गेली. १८७० मध्ये जर्डन यांनी दख्खनच्या एका सरड्याला ‘सिटाना डेक्कनेन्सिस’ हे नाव दिले. या गटातील नराच्या गळ्याखाली त्वचेचा पंखा असतो. विणीच्या दिवसांत दगडावर चढून तो हा पंखा उघडमीट करतो. दख्खनच्या या सरड्याचा पंखा निळा, काळा आणि नारिंगी असतो. इतक्या उठावदार रंगाचा प्राणी नजरेतून सुटणे कठीण. तरीही १९३५ मध्ये माल्कम स्मिथ यांनी ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीवरील प्रमाणग्रंथात पंखेवाले सगळे सरडे ‘सिटाना पाँटिसेरियाना’ या एकाच जातीत घातले. या निर्णयाचा दबदबा एवढा की पुढे ऐंशी वर्षे दख्खनचा सरडा कागदोपत्री जवळपास नाहीसाच झाला.

मधल्या काळात संशोधकांची पावले सह्याद्रीकडे वळली, आणि ते स्वाभाविकही होते. कोयनेचा भेक १९६३ मध्ये, आंबोलीचे देवगांडूळ २००३ मध्ये, अशा नव्या जाती तिथे मिळत होत्या. पुण्यात भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र १९५९ पासून होते, मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा संग्रह होता. पण घाटमाथ्याच्या तुलनेत मराठवाड्याचा माळ उपेक्षितच राहिला.

चित्र पालटले ते जनुकांच्या अभ्यासाने. शेपटीच्या टोकाचा छोटासा तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवतात, त्यातून डीएनए काढतात आणि मायटोकाँड्रियातील ठरावीक जनुकांची अक्षरमाला वेगवेगळ्या ठिकाणच्या प्राण्यांशी ताडून पाहतात. साधारणपणे फरक जितके जास्त, तितकी दोन वंशांची फारकत जुनी. जीवाश्मांच्या आधारे त्या फारकतीचा काळही अजमावता येतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रवीण कारंथ यांच्या प्रयोगशाळेतून २०१० मध्ये पालींची अशी वंशावळ प्रसिद्ध झाली. भारतीय उपखंडात पालींचा स्वतंत्र विस्तार झाला आणि आशियातील घरपालींचे मूळही इथेच आहे, असे त्यातून दिसले.

२०१६ मध्ये पंखेवाल्या सरड्यांची पाळी आली. दीपक वीरप्पन, वरद गिरी, हर्षल भोसले, अमोद झांबरे आदींनी द्वीपकल्पभर नमुने गोळा करून पाच नव्या जाती मांडल्या आणि रंगीत पंख्याच्या सरड्यांसाठी ‘सरडा’ याच मराठी नावाची प्रजाती स्थापन केली. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावरची जात ‘सरडा सुपर्बा’ झाली आणि जर्डन यांचे दीडशे वर्षांपूर्वीचे नाव ‘सरडा डेक्कनेन्सिस’ म्हणून परत आले. ही दुरुस्ती विज्ञानाइतकीच न्यायाचीही होती.

पुढच्याच वर्षी बेडकांमध्येही असेच घडले. उन्हाळा जमिनीत काढून पहिल्या पावसाला वर येणारा, माती उकरणारा गुबगुबीत बेडूक पूर्वी ‘ब्रेव्हिसेप्स’ या नावाखाली मोजला जाई. आनंद पाध्ये, नीलेश डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी पश्चिम भारतातील या बेडकांची जात निराळी असल्याचे दाखवून तिला ‘स्फिरोथेका पश्चिमा’ म्हटले.

याहून मोठा निष्कर्ष माळाच्या वयाविषयीचा. डोळ्यांच्या पापण्या न मिटणाऱ्या ‘ओफिसॉप्स’ या गवताळ प्रदेशातील छोट्या सरड्यांची वंशावळ ईशान अगरवाल आणि उमा रामकृष्णन यांनी २०१७ मध्ये मांडली. भारतातील गवताळ प्रदेश फार प्राचीन आहेत, जंगल तोडून उरलेली ती पडीक जमीन नव्हे, याला तिने दुजोरा दिला. दीपक आणि कारंथ यांच्या २०१८ च्या अभ्यासानेही पंखेवाल्या सरड्यांच्या जाती हवामान कोरडे होत गेल्यामुळे फुटत गेल्याचे दाखवले. म्हणजे ज्या रखरखाटामुळे हा मुलूख प्राण्यांच्या दृष्टीने गरीब समजला गेला, त्यानेच इथले वंश घडवले होते. गायरानावर सरसकट झाडे लावण्याच्या योजना आखताना ही गोष्ट लक्षात घेतली जात नाही, हे खेदाचे आहे.

त्याच २०१८ मध्ये मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी चाळकेवाडीतील पवनचक्क्यांचा परिणाम तपासला. पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी सुमारे चौपटीने कमी आढळले आणि सरडे दाटीने वाढले. त्यांची भीती कमी झाली होती आणि रंगही फिके पडले होते. अलीकडे धाराशिव जिल्ह्याच्या पठारांवरही पवनचक्क्या उभ्या राहिल्या आहेत.