टॉमकॅटचा मेंदू : सत्तावीस वर्षं कुलपात

जगातला पहिला मायक्रोप्रोसेसर कोणता, असं विचारलं की आपण पटकन सांगतो, इंटेलचा ४००४, साल १९७१. हे उत्तर आपण इतक्या वेळा ऐकलंय की त्यावर शंका घ्यावी असं वाटतच नाही. आज आपण ती घेऊ, आणि त्यासाठी एका लढाऊ विमानाकडे जाऊ.

अमेरिकी नौदलासाठी बनवलेलं एफ-१४ टॉमकॅट २१ डिसेंबर १९७० रोजी पहिल्यांदा उडालं. त्याचे पंख हलते होते. जहाजावर उतरताना ते पसरायचे आणि वेग वाढला की मागे सरकायचे, २० अंशांपासून ६८ अंशांपर्यंत. आता ऐन लढाईत पंख किती सरकवायचे, याचा हिशोब वैमानिकानं करत बसायचं का? शक्यच नाही. म्हणून बाहेरच्या हवेचा दाब आणि तापमान मोजून वेग नि उंची काढणारा आणि पंखांना हुकूम देणारा एक छोटा संगणक हवा होता.

तो गॅरेट एअरिसर्च या कंपनीत स्टीव्ह गेलर आणि रे होल्ट यांच्या गटानं १९६८ ते १९७० या काळात तयार केला. दातेरी चाकांच्या जुन्या यंत्राऐवजी त्यांनी चिपांचा संच वापरला. १९७१ मध्ये होल्ट यांनी त्यावर लेख लिहिला, पण नौदलानं तो छापू दिला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात ४००४ ची जाहिरात झाली आणि 'पहिला' हा मान तिकडे गेला. होल्ट यांच्या लेखाला मोकळीक मिळाली ती थेट १९९८ मध्ये.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ४००४ मध्ये संगणकाचं मुख्य काम एकाच चिपवर होतं, तर टॉमकॅटमध्ये ते अनेक चिपांवर विभागलेलं होतं. त्यामुळे 'पहिला कोण' हा वाद अजून मिटलेला नाही. पण वाद घालायलासुद्धा कागद समोर लागतात, आणि ते सत्तावीस वर्षं नव्हते.

आता गंमत पाहा. हा लेख मोकळा झाला तेव्हा टॉमकॅट सेवेतच होतं. ते निवृत्त झालं सप्टेंबर २००६ मध्ये, आणि त्यानंतर बंधनं उलट वाढली. इराणनं १९७९ च्या क्रांतीआधी हीच ७९ विमानं घेतली होती. सुटे भाग तिकडे पोहोचू नयेत म्हणून निवृत्त विमानं यंत्रात घालून चिरडली गेली आणि २००८ मध्ये त्या भागांच्या विक्रीवर कायद्यानं बंदी आली.

म्हणजे गुपित विमानाच्या वयावर ठरत नाही. ते अजून कुणाच्या हाती उपयोगी पडेल, यावर ठरतं. शत्रूपासून लपवताना ते इतिहासापासूनही लपतं आणि त्याची किंमत काम करणारी माणसं मोजतात. म्हणून यापुढे कुठेही 'पहिला' असं वाचलं, की मनात 'जाहीर झालेला पहिला' असं म्हणूया.