हाफ-लाइफ २ : कोड चोरीला गेला, कंपनी बुडायला आली, तरीही या गेमने इतिहास कसा घडवला?

२००० नंतरची काही वर्षं आठवा. कॉलेजच्या बाहेर एखादा सायबर कॅफे, आत ओळीने मांडलेले जाडजूड मॉनिटर, तासाच्या हिशोबाने द्यायचे पैसे आणि कानावर हेडफोन चढवून ‘काउंटर स्ट्राइक’ खेळणारी पोरं. पुण्या-मुंबईपासून तालुक्याच्या गावापर्यंत हे चित्र दिसायचं.

तो काउंटर स्ट्राइक मुळात स्वतंत्र गेम नव्हता, हे अनेकांना माहीत नसतं. ‘हाफ-लाइफ’ नावाच्या गेममध्ये चाहत्यांनी बदल करून तो तयार केला होता. आणि तो सायबर कॅफेत चालवायचा हक्क नेमका कुणाचा, यावरून अमेरिकेत असं भांडण पेटलं, की ‘हाफ-लाइफ २’ बनवणारी कंपनीच संपायची वेळ आली.

आज अनेक यादींमध्ये हाफ-लाइफ २ ची गणना जगातल्या सर्वोत्तम गेम्समध्ये होते. तो बनताना काय काय घडलं आणि त्याचा पुढचा भाग अजूनही का आला नाही, ते समजून घेऊया.

आधी पहिल्या भागाबद्दल

फर्स्ट पर्सन शूटर म्हणजे असा गेम, ज्यात तुम्ही पात्राच्या डोळ्यांनी जग बघता. स्क्रीनवर फक्त हात आणि हातातलं शस्त्र दिसतं. नव्वदच्या दशकात ‘डूम’ आणि ‘क्वेक’ यांनी हा प्रकार लोकप्रिय केला. पण त्यात गोष्ट नावापुरतीच असायची. दार उघडा, राक्षस मारा, पुढे चला.

मायक्रोसॉफ्टमधून बाहेर पडलेल्या गेब न्यूएल आणि माइक हॅरिंग्टन यांनी १९९६ मध्ये ‘व्हॉल्व्ह’ ही कंपनी काढली. त्यांचा पहिलाच गेम म्हणजे नोव्हेंबर १९९८ मध्ये आलेला हाफ-लाइफ. त्याचा नायक गॉर्डन फ्रीमन हा सैनिक नाही, चष्मा लावणारा भौतिकशास्त्रज्ञ आहे. ‘ब्लॅक मेसा’ या गुप्त प्रयोगशाळेत एक प्रयोग फसतो, दुसऱ्या जगाचं दार उघडतं आणि तिथले प्राणी आत घुसतात. गॉर्डनच्या हाती पहिल्यांदा लागते ती एक साधी लोखंडी पहार. हीच पहार पुढे या मालिकेची ओळख बनली.

खरी गंमत मांडणीत होती. मध्येच गेम थांबवून सिनेमा दाखवायचा नाही, जे घडेल ते तुमच्या डोळ्यांसमोर, तुम्ही खेळत असतानाच घडेल. या गेमला पन्नासहून अधिक ‘गेम ऑफ द इयर’ पुरस्कार मिळाले. आता दुसरा भाग काढायचा तर तो किती मोठा असायला हवा? इथूनच अडचणींना सुरुवात झाली.

पाच वर्षं आणि ४ कोटी डॉलर

१९९९ मध्ये हाफ-लाइफ २ चं काम सुरू झालं. पहिला भाग ‘क्वेक’च्या इंजिनवर बेतलेला होता. दुसऱ्यासाठी व्हॉल्व्हने ‘सोर्स’ हे स्वतःचं इंजिन घडवायला घेतलं. इंजिन म्हणजे गेमचा सांगाडा. उजेड कसा पडेल, वस्तू कशी घरंगळेल, पात्राचा चेहरा कसा हलेल, हे सगळं तेच ठरवतं.

मे २००३ मध्ये लॉस एंजेलिसच्या ‘ई-थ्री’ प्रदर्शनात गेमची झलक दाखवली आणि लोक वेडे झाले. प्रकाशनाची तारीखही ठरली, ३० सप्टेंबर २००३. ती तारीख आली आणि गेली. गेम काही आला नाही.

आणि मग चोरी झाली

त्यानंतर दोनच दिवसांत गेमचा सोर्स कोड इंटरनेटवर फिरू लागला. सोर्स कोड म्हणजे मिठाईवाल्याच्या तिजोरीतली पाककृती. कुणीतरी कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरलं होतं आणि ही पाककृतीच उचलून नेली होती. पाठोपाठ अर्धवट बनलेला गेमही बाहेर आला. तारीख जाहीर करणाऱ्या कंपनीचा गेम पूर्ण व्हायला अजून बराच वेळ आहे, हे त्यातून सगळ्या जगाला कळलं.

न्यूएल यांनी ही चोरी लपवली नाही. त्यांनी उघडपणे चाहत्यांनाच चोर शोधायला मदत करा, असं आवाहन केलं. पुढे घडलं ते सिनेमात शोभेल असं आहे. हे करणारा जर्मनीतला एक तरुण होता, तोही गेमचा चाहताच. फेब्रुवारी २००४ मध्ये त्याने स्वतःच न्यूएल यांना ईमेल करून कबुली दिली आणि वर नोकरीही मागितली!

व्हॉल्व्हने त्याला मुलाखतीत गुंतवलं. एफबीआयच्या मदतीने त्याला अमेरिकेत बोलवायचं आणि तिथे अटक करायची, असा बेत होता. पण त्याआधीच, मे २००४ मध्ये, जर्मन पोलिसांनी त्याला घरी जाऊन पकडलं. न्यायालयाने पुढे त्याला दोन वर्षांची शिक्षा दिली, पण ती प्रोबेशनवर, म्हणजे प्रत्यक्ष तुरुंगात न जाता.

सायबर कॅफेवरून पेटलेला खटला

चोरीपेक्षा मोठं संकट मात्र न्यायालयात उभं होतं. व्हॉल्व्हचे गेम दुकानांत पोहोचवायचं काम ‘सिएरा’ ही कंपनी करायची आणि सिएरा होती ‘विवेंडी’ या फ्रेंच उद्योगसमूहाच्या मालकीची. आपले गेम सायबर कॅफेंना देण्याचा हक्क विवेंडीकडे नाही, असं म्हणत व्हॉल्व्हने २००२ मध्ये दावा ठोकला. विवेंडीने उलट दावा केला आणि प्रकरण गेमच्या मालकीपर्यंत गेलं.

छोटी कंपनी विरुद्ध महाकाय समूह. वकिलांची बिलं वाढत गेली, गेम पूर्ण होत नव्हता, त्यामुळे पैसा येत नव्हता. कंपनी आणि आपण स्वतःही दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होतो, असं न्यूएल यांनी व्हॉल्व्हच्या २०२४ च्या माहितीपटात सांगितलं आहे.

त्याच माहितीपटात एक भन्नाट किस्सा आहे. खटल्यात विवेंडीकडून कागदपत्रांचा प्रचंड ढीग आला आणि तो होता कोरियन भाषेत. तो वाचणार कोण? व्हॉल्व्हच्या बाजूने काम करणाऱ्या एका इंटर्नला कोरियन येत होतं. तो ढीग उपसताना त्याला एक ईमेल सापडला. त्यात खटल्याशी संबंधित कागदपत्रं नष्ट केल्याचा उल्लेख होता. पारडं फिरलं. नोव्हेंबर २००४ मध्ये सायबर कॅफेच्या मुद्द्यावर निकाल व्हॉल्व्हच्या बाजूने लागला आणि एप्रिल २००५ मध्ये दोघांत तडजोड झाली.

गेममध्ये असं होतं तरी काय?

१६ नोव्हेंबर २००४ रोजी हाफ-लाइफ २ अखेर प्रकाशित झाला. मेटाक्रिटिकवर त्याची सरासरी १०० पैकी ९६ आहे. कौतुकाची कारणं अशी :

*जग :* पहिल्या भागानंतर साधारण वीस वर्षांनी गॉर्डन एका रेल्वेगाडीतून ‘सिटी १७’ मध्ये उतरतो. ‘कम्बाइन’ या परग्रही सत्तेने अवघ्या सात तासांत पृथ्वी जिंकलेली आहे. हे शहर पूर्व युरोपातल्या जुन्या शहरांसारखं दिसतं, कारण कलादिग्दर्शक व्हिक्टर अँतोनोव्ह मूळचे बल्गेरियातल्या सोफियाचे. २०२५ मध्ये त्यांचं निधन झालं.

*न बोलता सांगितलेली गोष्ट :* स्टेशनवर एक शिपाई मुद्दाम डबा जमिनीवर पाडतो आणि तुम्हाला तो उचलून कचऱ्यात टाकायला लावतो. बस, इतकंच. पण इथे माणसाची किंमत काय आहे, हे त्या एका प्रसंगातून कळतं. लांबलचक भाषणाची गरजच पडत नाही.

*ग्रॅव्हिटी गन :* ही बंदूक गोळ्या झाडत नाही. ती समोरची वस्तू खेचून घेते आणि जोरात फेकते. रंगाचा डबा असो, फळी असो की करवतीचं पातं, खोलीतली जवळपास प्रत्येक वस्तू शस्त्र बनते. ‘रेव्हनहोम’ या भयाण गावात शिरताना करवतीचं एक पातं तुमच्या वाटेत रुतलेलं असतं. तुम्ही ते उचलता आणि नेमका तेव्हाच समोरून झोंबी येतो. हात आपोआप चालतो. पुढे काय करायचं, हे कुणीही सूचना न देता तुम्ही शिकलेले असता.

*चेहरे :* मानवी भावना आणि चेहऱ्याच्या स्नायूंचा संबंध मांडणाऱ्या पॉल एकमन या मानसशास्त्रज्ञाच्या अभ्यासाचा आधार घेऊन पात्रांचे चेहरे घडवले होते. म्हणूनच अ‍ॅलिक्स व्हान्स ही नायिका नुसती बघते, तरी तिच्या मनात काय चाललंय ते कळतं.

तुमच्या गेम लायब्ररीशी याचा काय संबंध?

थेट संबंध आहे. हाफ-लाइफ २ दुकानातून डिस्क विकत आणून खेळायचा म्हटलं, तरी इंटरनेटवरून ‘स्टीम’ या व्हॉल्व्हच्याच प्रणालीवर नोंदणी करावी लागायची. स्टीम सप्टेंबर २००३ मध्ये सुरू झालं होतं आणि सुरुवातीला लोकांचा त्यावर राग होता. पैसे मोजून डिस्क घेतली, मग पुन्हा परवानगी कशाला? प्रकाशनाच्या दिवशी सर्व्हरवर ताण आला आणि हातात डिस्क असूनही अनेकांना ताटकळत बसावं लागलं.

पण गेम इतका हवाहवासा होता, की लोकांनी नाक मुरडत का होईना, स्टीम घेतलं. आज स्टीम हे कॉम्प्युटर गेम्सचं जगातलं सर्वांत मोठं दुकान आहे आणि भारतात तिथे रुपयांत खरेदी करता येते. सेलमध्ये गेम स्वस्त मिळतात, छोट्या निर्मात्यांना थेट गिऱ्हाईक मिळतं, हे फायदे खरेच.

दुसरी बाजूही आहे. तेव्हा लोकांनी विचारलेला प्रश्न चुकीचा नव्हता. कॅलिफोर्नियातल्या नव्या कायद्याच्या पार्श्वभूमीवर २०२४ पासून स्टीम पैसे भरतानाच स्पष्ट सांगतं, की तुम्ही गेम नव्हे, तर गेम वापरायचा परवाना विकत घेत आहात. म्हणजे लायब्ररीत दोनशे गेम दिसत असले, तरी कपाटातल्या पुस्तकासारखे ते तुमच्या मालकीचे नाहीत. मित्राला देता येत नाहीत, जुने म्हणून विकता येत नाहीत. ही पद्धत रुळायला मोठा हातभार लागला तो याच गेममुळे.

मग तिसरा भाग कुठे अडकला?

(ज्यांना गेम खेळायचा आहे, त्यांनी पुढचा परिच्छेद सोडून द्यावा. शेवट फुटेल!)

पुन्हा पाच वर्षं लागू नयेत, म्हणून व्हॉल्व्हने छोटे भाग काढायचं ठरवलं. ‘एपिसोड वन’ २००६ मध्ये आणि ‘एपिसोड टू’ २००७ मध्ये आला. दुसऱ्याच्या शेवटी अ‍ॅलिक्सचे वडील डोळ्यांदेखत मारले जातात आणि पडदा पडतो. तिसरा एपिसोड लवकरच येणार होता. तो आलाच नाही. २०२० मध्ये ‘हाफ-लाइफ : अ‍ॅलिक्स’ आला, पण तो व्हीआर हेडसेटवर खेळायचा गेम. त्याची गोष्ट दुसऱ्या भागाच्या आधी घडते आणि शेवटी एपिसोड टूचा तो मृत्यूच पुसून टाकते.

हाफ-लाइफ ३ हा तोपर्यंत इंटरनेटवरचा कायमचा विनोद झाला होता. कंपनीने कुठेही ‘३’ हा आकडा उच्चारला, तरी मीम्सचा पाऊस पडायचा. कथालेखक मार्क लेडलॉ यांनी २०१६ मध्ये कंपनी सोडली आणि पुढच्या वर्षी पात्रांची नावं बदलून एक गोष्ट प्रसिद्ध केली. तिसऱ्या एपिसोडमध्ये साधारण काय घडलं असतं, हे चाहत्यांना त्यातून कळलं.

न्यूएल यांनी माहितीपटात दिलेलं कारण साधं आहे. तिसरा भाग गेम बनवण्याच्या कलेला पुढे कसा नेणार, हे त्यांना उमगलं नाही. केवळ गोष्ट पूर्ण करायची म्हणून गेम काढणं त्यांना खेळणाऱ्यांची फसवणूक वाटली. हे पटण्यासारखं आहे, पण पूर्णपणे नाही. ज्याने गोष्टीत जीव गुंतवला, त्याला नवं तंत्रज्ञान नको असतं. अ‍ॅलिक्सचं पुढे काय झालं, एवढंच त्याला हवं असतं.

आज खेळावा का?

नक्की खेळा. साध्या लॅपटॉपवरही तो चालतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये विसाव्या वाढदिवसानिमित्त आलेल्या अपडेटमध्ये दोन्ही एपिसोड मूळ गेममध्येच जोडले आहेत आणि निर्मात्यांचं समालोचनही ऐकता येतं. ‘पोर्टल’ आणि ‘गॅरीज मॉड’ हे गेम याच सोर्स इंजिनवर उभे राहिले. ‘द स्टॅनली पॅरेबल’ची सुरुवातही या गेममध्ये बदल करून झाली.

खेळताना एक लक्षात ठेवा. जो गेम तुम्ही बघताय, तो एकदा चोरीला गेला होता, एकदा न्यायालयात जवळपास हरला होता आणि दिलेल्या तारखेपेक्षा वर्षभराहून अधिक उशिरा आला होता. आज तो उशीर कुणाच्या लक्षातही नाही. लक्षात राहिली ती पहार, ती ग्रॅव्हिटी गन आणि अर्धवट सुटलेली गोष्ट.